न हललेला आकडा

प्रिय काका,

१. सोमवारी भट्टीच्या धुरातला विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला त्यात अमोनिया सोडणारा पंप बंद पडला.
२. धुराड्यातून पिवळट धूर निघू लागला.
३. नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा मात्र तसूभरही हलला नाही.

मी यंत्राची नळी तपासली. ती धुराड्याऐवजी स्वच्छ हवेच्या सिलिंडरला जोडलेली होती. फोरमन हसला, "अहो ताई, मॅनेजर तुमचेच काका. त्यांनीच जोडून घेतली. घरचं घरीच मिटवा की!"

मला इथे नोकरीला तुम्हीच लावलंत. काकू विचारते, हल्ली जेवायला का येत नाहीस. मी कामाचं निमित्त सांगते. या पत्राच्या पाकिटावर तुमचं नाव घातलंय, पण ते तुम्हाला द्यायला अजून हात धजत नाही.

शुक्रवारी सरकारी तपासनीस येतील. तुम्ही स्वतः सांगितलं नाहीत, तर ती नळी त्यांना मी दाखवीन. गुरुवारपर्यंत उत्तर द्या.

तुमची पुतणी