गळ्यातली ठिणगी

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांच्या असहकारामुळे तो कागदावरच स्वीकारावास. इकडे सर्व क्षेम. शेजारचे मांजर मला अद्याप आपला भाडेकरूच समजते.

गतवर्षी माझे डावे मूत्रपिंड कर्करोगापायी सन्मानपूर्वक निवृत्त झाले, हे तुला कळविले होते. निवृत्तीपूर्वी त्याने फुप्फुसांत काही वारस नेमून ठेवले, हे कळविणे राहिले. ‘राहिले’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे.

या वारसांवर उन्हाळ्यापासून गोळ्यांचा मारा सुरू आहे. त्याची फलश्रुती पाहण्यासाठी परवा पेट स्कॅन झाला. शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. रोगपेशी मूळच्या खादाड. त्या ती गट्ट करतात आणि चित्रात उजळतात. त्यांची भूक मंदावली, तर औषध लागू पडले.

साखर अंगात भिनेपर्यंत बंद खोलीत निश्चल बसायचे असते. परिचारिका म्हणाली, “काका, तासभर बोलायचं नाही हं. कुणाशीच.”

“ते मी घरी फुकटात करतो,” मी म्हणालो. ती हसली नाही. दार लोटून गेली.

काल डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखविले. फुप्फुसांतले ठिपके आकाराने तेवढेच, पण विझत्या निखाऱ्यासारखे मंद. औषध काम करते आहे. मात्र गळ्यात एक लख्ख ठिणगी. माझे प्राणही तत्क्षणी तिथेच येऊन थांबले.

“तासभर कुणाशी बोलत होता?” त्यांनी विचारले.

“खोलीत कुणी नव्हतं.”

“अहो, बोलताना गळ्याचे स्नायू साखर खातात. हा रोग नाही, बडबड आहे.”

ताई, मी तुझ्याशी बोलत होतो. हलक्या आवाजात, समोरच्या रिकाम्या खुर्चीत तू बसली आहेस असे गृहीत धरून. फुप्फुसांचे तुला कसे सांगावे, याची ती तालीम होती. दर वेळी तू मध्येच तोडून विचारत होतीस, “ते राहू दे, जेवलास का?”

थंडी सरल्यावर पुन्हा तपासणी आहे. बाहेर नातेवाइकांसाठी बाक असतो. त्यावर मी माझी छत्री बसवतो. प्रवास तुला सोसत नाही हे जाणतो, म्हणून ‘ये’ असे लिहीत नाही. केवळ एवढेच, की पुढल्या खेपेस मौन पाळायचे तर सगळे आधीच कुणाशी तरी बोलून झालेले बरे.

आणि नाही, अजून जेवलो नाही.

तुझा,
बडबड्या