आखूड दांडी

प्रिय नंदा,

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. पण फोनवर तू आधी "गोळी घेतलीत का?" विचारतेस आणि लगेच "शर्मिलाकडे द्या जरा" म्हणतेस. मधे माझ्या वाट्याला 'हो' आणि 'बरं' एवढंच येतं.

फेट्याची बातमी आधी सांगतो. तुझ्या लाडक्या पोपटाचा पिवळा तुरा अजून ताठ आहे, पण मधे त्याच्या पायांचे तळवे लाल झाले होते. एक पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास उभा राहायचा. मला वाटलं, स्वारी चिंतनात आहे. म्हणून मी समोर खुर्ची टाकून शाळेतल्या कविता चालीवर म्हणत बसायचो. सूनबाई म्हणाली, "बाबा, कविता छान आहे, पण त्याला दांडी बोचतेय." पिंजऱ्याबरोबर आलेली ती प्लॅस्टिकची दांडी सगळीकडे सारखीच जाड, सारखीच गुळगुळीत. दिवसभर भार तळव्याच्या एकाच जागी. मग तिने सोसायटीतल्या पेरूच्या फांद्या आणल्या, घासून धुतल्या, गच्चीत वाळवल्या. एक जाड लावली, एक त्याहून बारीक, एक वाकडीतिकडी. पाण्याच्या वाटीवर एकही नाही, कारण वरून शीट पडते. फेट्या आता दोन्ही पायांवर उभा असतो आणि माझ्या कवितेची चाल शिट्टीवर वाजवतो. चौथ्या ओळीला हमखास चुकतो.

हे सगळं चांगलंच झालं. पण ज्या शर्मिलाने आजवर पिंजऱ्याकडे नाक मुरडून पाहिलं, तिला हे ज्ञान आलं कुठून? मी लक्ष ठेवलं. फोन आला की ती बाल्कनीत जाते आणि काच ओढून घेते. एकदा काच नीट लागली नव्हती. "हो आई, त्याची बोटं फांदीला पूर्ण वेढत नाहीत, तेवढी ती जाड आहे," असं म्हणत होती. म्हणजे गुरू तूच! मग मला का नाही सांगितलंस? पोपट बरा करायचा, यात लपवण्यासारखं काय आहे?

परवा शेव शोधताना स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आणखी एक दांडी सापडली. विकतची, लाकडी, वर साल तशीच खरखरीत ठेवलेली. पिंजऱ्यात धरून पाहिली तर दुसऱ्या बाजूच्या गजांना टेकेचना. मी ती घेऊन थेट मंडईतल्या कासिमभाईंच्या पक्ष्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, ही आखूड आहे, आमच्या पिंजऱ्याला पुरत नाही, बदलून द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, ज्या पिंजऱ्यासाठी नेली त्याला पुरेल. घरी विचारा की!" मंडईपासून कोथरूडपर्यंत बसमध्ये मी तेच वाक्य घोळवत बसलो.

म्हणजे घरात कुठेतरी दुसरा, लहान पिंजरा आहे. आणि ती खरखरीत साल कशाला, तर पाय घसरू नये म्हणून. घरात बसलेला पक्षी कशाला घसरेल? हलत्या गाडीतला घसरेल. आधी वाटलं, शर्मिला त्याला कुणाला तरी देऊन टाकणार. पण द्यायचाच असता तर तू एवढं मन लावून तिला दांड्या शिकवल्या नसत्यास. प्रज्ञेश येत्या रविवारी गाडी घेऊन कुठेतरी जाणार, एवढं कानावर आलं होतं. त्याला विचारलं, कुठे? म्हणाला, "ऑफिसचं काम." रविवारी? वर मला म्हणतो, "बाबा, तुमची हेरगिरी आवरा आता."

तुला खडकवासला आठवतं? लग्नानंतरचा पहिला हिवाळा, डबलसीट सायकल, हातात भाजलेलं कणीस. मी पाण्याकडे तोंड करून कविता म्हणत होतो आणि तू ओरडलीस, "अहो, वाऱ्यात अर्धं उडून जातंय, इकडे बघून म्हणा!" त्यानंतर मी नेहमी तुझ्याकडे बघूनच म्हणत आलो. हल्ली ऐकणारा फेट्याच उरलाय, म्हणून हे आठवलं.

कल्याणीच्या बाळंतपणाला तू नाशिकला गेलीस, तेव्हा म्हणालीस धम्मचक्र दिनाला येते. मग नाताळ म्हणालीस. मग तारीख सांगणंच थांबलं. आता बाळ खुर्ची धरून उभं राहतंय, कल्याणी कामावर जायला लागलीय, म्हणजे घरी कुणीतरी हवंच. ते सगळं कळतं मला. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्या ब्लडप्रेशरसाठी फक्त मला सांगायचं नाही, असं ठरलंय, हेही कळलं. माणूस चार दिवसांसाठी गेला तर मागे राहिलेला पोपट मागवून घेत नाही. तू परत येणार नाहीस, नंदा.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही, आणि शर्मिलाला काही बोलू नकोस; तिने तुला दिलेला शब्द पाळला. कुरिअरने पाठवतोय, म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हाती पडेल. प्रज्ञेश फेट्याला घेऊन येईल, तेव्हा त्याच्या शेजारच्या सीटवर मी बसू का, एवढंच विचारायचं होतं. फोनवर विचारलं असतं तर तू "बघू" म्हणाली असतीस, आणि तुझं "बघू" मला लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून लेखी विचारतोय, लेखीच उत्तर दे. नको असेल तर सरळ नको म्हण. पण कल्याणीचं घर लहान आहे, असं मात्र लिहू नकोस. मी कुठेही मावतो.

वाट बघणारा, तुझाच
दशरथ