डब्याचं फडकं

मुलुंड पूर्व,
२२ डिसेंबर

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

खिडकीची एक झडप उघडली, दुसरी अडकली आहे, ती तशीच ठेवून लिहायला बसले. तुमच्या साइटच्या गेटवरच्या बोर्डावर हवेतल्या धुळीचा आकडा ८६ आलाय. शंभराच्या आत असेल तर खिडकी उघड, वर असेल तर लाव, असं तूच सांगितलंस. तुझे काका लगेच खुर्ची ओढून बसले. चौथा स्लॅब झाला म्हणतात. चाळीच्या बदल्यात मिळणारी आपली नवी खोली तिथे सातव्यावर, म्हणजे अजून तीन. कालही तीनच होते, हे मी त्यांना सांगत नाही.

तू समोरच्याच साइटवर इंजिनीअर, आणि मी तुला डब्यातून पत्र पाठवते, म्हणून वॉचमन कुंडलिक हसतो. हसू दे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं सगळ्या चाळीला ऐकू जातं. तूही उत्तर नीट मायना घालून लिही. मागच्या वेळचं ‘भाजी झकास’ हे पत्र नव्हे.

काकांचा खोकला वाढलाय. चोरून दही खातात. आणि माझं निळ्या चौकडीचं फडकं आठवडाभर डब्याबरोबर परत आलेलं नाही. कुठे टाकलंस?

डबा रोज रिकामा येतो, तसा लोभही रोज येऊ दे.

तुझी,
शेवंतीमावशी

•

साइट,
२६ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मायना घातला आहे, बघ. फडकं सापडत नाही. नवीन आणून देतो.

खिडकी फार वेळ उघडी ठेवू नकोस. थंडीचे दिवस आहेत. आकडा कमी असला तरी राहू दे बंदच. काकांना म्हणावं, बाहेर बघण्यासारखं काही नाही, पाचव्याचं सळईकाम चाललंय. पुढच्या गणपतीला आपण वर असू.

वालाचं बिरडं संपलं. कुंडलिकला दिलं नाही.

काकांना नमस्कार.

तुझा,
सुयोग

•

मुलुंड,
८ जानेवारी

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

काल काकांना हॉस्पिटलातून घरी आणलं. चार दिवस नाकाला नळी होती. तू दोनदा येऊन गेलास, पण दारातूनच गेलास, ते काकांच्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी विचारलं की घराजवळ धूळ आहे का. मी म्हटलं, समोरच बांधकाम आहे, पण आम्ही बोर्ड बघूनच खिडकी उघडतो. माझ्या भाच्याने शिकवलंय, असंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मिलच्या कार्डिंग खात्यात कापूस पिंजण्यात यांची अठ्ठावीस वर्षं गेली, तेव्हाच छाती गेली होती. मी दह्यावरून काकांना किती बोलले, ते आता आठवतं.

आज खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. बोर्डावर ७९ होते. तुमचं ते हवा मोजायचं मशीन बिघडलंय का, जरा बघशील? तू शिकलेला आहेस.

मावशी

•

साइट,
१० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मशीन बिघडलेलं नाही. त्याच्या तोंडाला तुझं फडकं बांधलं आहे. मीच बांधलं. सकाळी ओलं करतो, आकडा शंभराच्या खाली राहतो.

नोव्हेंबरात आकडा दोनशेच्या वर गेला आणि पालिकेची नोटीस आली. दुसरी आली की काम बंद, पुन्हा कधी सुरू होईल ते कोणी सांगत नाही. पाण्याचा टँकर तीन दिवसांतून एकदा येतो, लाद्या उघड्यावर कापतात. मी साहेबांना बोललो. ते म्हणाले, आकडा वर जाता कामा नये, बाकी तू बघ. फडकं बांध असं कोणी सांगितलं नाही.

काका रोज विचारायचे, अजून किती महिने. मला वाटलं, त्यांच्यासाठीच करतोय. नोकरीचा विचारही होता. जास्त कुठला, ते आता सांगता येत नाही. खिडकी बंद ठेव असं लिहिलं, का ते लिहिलं नाही.

फडकं सोडलं तर काम थांबेल. सातवा स्लॅब काकांना दिसेल की नाही, माहीत नाही. काय करू, तू सांग. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

सुयोग

•

मुलुंड,
१२ जानेवारी

चि. सुयोग यास,

पत्र दोनदा वाचलं. मग काकांना वाचून दाखवलं. लपवणार होते, जमलं नाही.

ते म्हणाले, मिलमध्ये तपासणीचा साहेब यायचा, त्या दिवशी मुकादम निम्मी यंत्रं बंद करायचा आणि जमिनीवर पाणी मारून घ्यायचा. साहेब हवा चांगली आहे असं लिहून जायचा. पाणी कोण मारायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, मीच. पगाराचा खाडा नको होता, तुझं बाळंतपण होतं. चाळीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

तुला काय सांगायचं, ते त्यांनीच सांगितलं. फडकं आपलं आहे, सोडून आण म्हणाले. घराचं काही बोलले नाहीत.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही. तसं वाटलं की लिहीन. डबा मात्र येईल. तोवर पोटाचे हाल करू नकोस.

मावशी

•

१३ जानेवारी

चि. सुयोग,

सकाळी कुंडलिकने फडकं आणून दिलं. एका बाजूने करडं झालं होतं. बोर्डावर २३८ होते. दहा वाजता तू माणसांना खाली उतरवताना दिसलास, अकराला पालिकेचा माणूस आला आणि काम बंद झालं. मी खिडकी लावली. मी काकांची खुर्ची आत घेत होते, तर ते म्हणाले, राहू दे तिथेच.

शेवंतीमावशी