हेडफोन आणि मायची काठी

अण्णा,

हेडफोन घ्यायचे होते, त्या नादात तुमची आठवण निघाली आणि मग ती काही केल्या जाईना, म्हणून लिहायला बसलो. हेडफोन म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागेल. डोक्यावरून एक पट्टा जातो, दोन्ही कानांवर दोन वाट्या बसतात आणि गाणं फक्त आपल्यालाच ऐकू येतं, शेजारच्याला नाही. तुम्ही म्हणाला असता, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं गाणं ऐकावंच कशाला? तुमचा रेडिओ तर अख्ख्या गल्लीचा होता. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमागच्या त्या खोल्यांत ज्याला बातम्या ऐकायच्या असतील तो आपल्या ओट्यावर बसून तुमचाच रेडिओ ऐकायचा. एवढा आवाज करूनही तुम्ही रेडिओच्या लाकडी पेटीला कपाळ टेकवून बसायचात, कारण तुमच्यापर्यंत त्यातलं अर्धंच पोचायचं. दिवसभर जिनिंगच्या मशीनपाशी कानात रुईचे बोळे घालून उभं राहायचं आणि संध्याकाळी मायनं ते ओढून काढायचे, तेवढंच काय ते तुमच्या कानांचं रक्षण. ते पुरलं नाही.

माय आता माझ्याकडे आहे. न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती पलंगावरच असते. डोकं मात्र शाबूत आहे, माझ्यापेक्षा जास्त. तुमची सून सकाळच्या गाडीनं परभणीला नोकरीवर जाते आणि दिवे लागल्यावर परत येते. मी कॉलेजच्या ऑफिसातून दुपारीच सुटतो, म्हणून दुपारनंतरची माय माझ्या वाट्याला. दर थोड्या वेळानं हाक येते. पंखा कमी कर. जातो. पंखा वाढव. जातो. दारात कोण आलं होतं, आज वार कोणता, डाळीला फोडणी दिली का. कधी कधी जाऊन उभा राहिलो की ती नुसती बघते आणि म्हणते, ‘‘काय न्हाई. हायेस का म्हून बघितलं.’’ आणि हाक कशी, तर तुम्हाला ऐकू जावी म्हणून जन्मभर लावलेला तोच खडा आवाज. तुम्ही गेलात, आवाज राहिला. माझे सासरे पहिल्यांदा आपल्याकडे आले होते तेव्हा मायनं त्यांना ‘‘च्या घेता का’’ एवढंच विचारलं, तर बिचारे चपला घालायला निघाले होते. तुमची सून अजून म्हणते, मला वाटलं मी भांडकुदळांच्या घरात पडले. आपल्या गल्लीत सगळेच तसे बोलत. शाळेत मी ‘हजर’ म्हटलं की गुरुजी दचकायचे आणि मग मला वर्गाबाहेर उभं करायचे.

अण्णा, मी थकलोय. हे कुणाला बोलून दाखवता येत नाही. आईचा कंटाळा आला म्हणणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तिचा कंटाळा नाही, हाकेचा आहे, पण हे वेगळं करून सांगायला गेलं तर ते कुणाला पटत नाही. कधी कधी मलाही पटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी मोबाइलबरोबर आलेली ती बारकी वायर कानात घालून गाणी ऐकत होतो. पलीकडच्या खोलीत तुमची नात, जी तुम्ही पाहिलीच नाही, तीही कानात काहीतरी खुपसून मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवर गेम खेळत होती. माय हाका मारत राहिली असणार. आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. पाणी प्यायला उठलो तर माय पलंगाच्या काठावर, एक पाय खाली टेकवलेला, वॉकर भिंतीपाशी लांब, आणि ती त्याच्याकडे हात करून उठायच्या बेतात. मी धावत जाऊन धरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता पुन्हा पडल्या तर उभ्या राहणं विसरा. मी तिला परत नीट बसवत होतो आणि ती म्हणाली, ‘‘कुनीच न्हाई वाटलं घरात.’’ संध्याकाळी हे कळल्यावर तुमच्या सुनेनं हुकूमच काढला: या घरात कुणीही कानात काही घालायचं नाही.

तोड नातीनंच काढली. म्हणाली, ‘‘पप्पा, दोघांत मिळून एकच चांगला हेडफोन घेऊ. मी खेळताना तुम्ही मोकळे, तुम्ही गाणी ऐकताना मी मोकळी. घरात एका वेळेला एकच बहिरा.’’ हे तिच्या आईलाही पटलं. मग आमचा अभ्यास सुरू झाला. लय महागाचे आपल्याला नकोत आणि अगदी स्वस्तातले दोन महिन्यांत तुटतात, म्हणून मधले. बिनवायरचे मला आवडले होते, पण ती म्हणाली त्यात आवाज मागून येतो, गोळी आधी लागते आणि बंदूक नंतर वाजते. खास गेमवाल्यांसाठी बनवलेल्यांना निळे-हिरवे दिवे असतात. स्वतःच्या कानावरचे दिवे कोण बघणार हे मला कळलं नाही. शिवाय त्यांत नुसता ढमढमाट, तबल्याच्या मधल्या शाईचा आणि कडेच्या चाटेचा बोल एकच वाटतो. वाटीवर रेक्झिनची गादी असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात कान भिजून जातात आणि पुढच्या वर्षी तिची सालपटं निघतात, म्हणून कापडी गादी बघायची. चष्म्याची दांडी दाबली जाऊ नये, बोलायला माइक असावा. एवढं सगळं जमलं आणि शेवटी एक गोष्ट उरली. काही हेडफोनच्या वाटीला बाहेरून जाळी असते, त्यातून घरातला आवाज आत येत राहतो. काहींची पाठ बंद असते, त्यात बाहेरचं काही येत नाही. घरात माय असताना जाळीचेच घ्यायचे, हे आम्ही दोघांनी जेवताना सगळ्यांसमोर ठरवलं.

परभणीला दुकानात गेलो. दुकानदारानं जाळीचे दाखवले, ठीक होते. मग तो म्हणाला, ‘‘साब, एक बार ये भी डालके देखो,’’ आणि बंद पाठीचे माझ्या कानांवर बसवले. अण्णा, समोरच्या रस्त्यावर ऑटो होते, हॉर्न होते, कुणाचा तरी जनरेटर चालू होता. ते सगळं गेलं. त्यानं अजून गाणं लावलंही नव्हतं. दुकानदाराचे ओठ हलत होते, नात काहीतरी विचारत होती आणि मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. किती दिवसांनी कुणी मला हाक मारत नव्हतं. काढायला हात वर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी नातीनंच वाटी बाजूला केली. ‘‘पप्पा, जाळीचे ठरले होते ना?’’

‘‘तुला गेममध्ये पावलांचा आवाज नीट आला पाहिजे ना? मग हेच बरे.’’

‘‘माझ्यावर नका ढकलू,’’ ती म्हणाली. पण घेऊ दिले.

घरी येऊन मी मायला सगळं खरं सांगितलं, की यात तुझी हाक ऐकू येणार नाही. मला वाटलं होतं तेवढं तिला वाईट वाटलं नाही, किंवा तिनं दाखवलं नाही. हेडफोन मागून घेतला, स्वतःच्या कानांवर लावून बघितला आणि लगेच काढला. ‘‘बोळे घातल्यागत वाटायलंय,’’ म्हणाली. मग दाराआडच्या काठीकडे बोट केलं. ‘‘ती दे हिकडं. बहिऱ्याला कसं बोलवायचं ते तू मला नको शिकवू.’’

तेव्हा मला तुमचा अंगठा आठवला. मायला तुमच्यापर्यंत यायला वेळ नसायचा, म्हणून ती चुलीपाशी बसल्या बसल्या खलातला बत्ता शहाबादी फरशीवर आपटायची. फरशीतून धक्का यायचा, तो तुम्हाला पायाला कळायचा आणि तुम्ही उठायचात. सगळ्या गल्लीत हीच रीत होती, लांबून हाक पोचली नाही की जिनिंगवाल्यांच्या बायका फरशी ठोकत. मी तुमच्या शेजारी जमिनीवर पाटी घेऊन बसायचो, म्हणून मला दिसायचं. बत्ता पडला की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. पण रेडिओवर गाणं चालू असलं की तुम्ही लगेच उठत नसायचात. कपाळ रेडिओला तसंच. गाणं संपेपर्यंत बसायचात आणि मग, आत्ताच कळल्यासारखं, ‘‘बोलिवलं का?’’ म्हणत उठायचात. एकदा मी हुशारी करायला गेलो. माय म्हणाली, ऐकू येत नाही बिचाऱ्यांना, आणि मी तोंड उघडलं, ‘‘न्हाई माय, अण्णाचा अंगठा...’’ एवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघितलं. नंतर ओट्यावर नेऊन म्हणालात, ‘‘आरं, समदंच सांगू नाही. मान्साला जरा बसू द्यावं.’’ तुम्ही मला एवढंच एकदा रागावलात, आणि तेही हळू आवाजात. तुम्हाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी ते पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही.

परवा दुपारी माझी पाळी होती. माय तिच्या पलंगावर, मधलं दार उघडं, नात शेजारणीकडे गेलेली. मी खुर्चीत, पाय उघडे, फरशीवर. एक जुनी कव्वाली लावली, तुमच्या रेडिओवर लागायची तसली. तेव्हा आपण ती नुसती मोठ्या आवाजात ऐकली होती. आत्ता कळलं की मागं टाळ्या वाजवणारी माणसं वेगवेगळी आहेत आणि त्यातला एक जण किंचित मागं राहतो. मला एकदम वाटलं, हे तुम्ही कधीच ऐकलं नाही. तुम्ही कपाळ टेकवून ऐकत होतात ते दुसरंच काहीतरी होतं. आणि तेवढ्यात तळपायाला धक्का लागला. लहानसा, खालून. पुन्हा एकदा. काठीच होती.

मी उठलो नाही. कव्वाली रंगात आली होती. संपेपर्यंत बसलो, मग हेडफोन काढून दारात गेलो आणि म्हणालो, ‘‘हाक मारलीस का? कळलंच नाही, माय.’’

ती उशीला टेकून बसली होती. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होती. ‘‘आंगठा हलला की तुजा,’’ म्हणाली. ‘‘हितून दिसतंय समदं.’’ मी पाय मागं ओढला. तीच पुढं म्हणाली, ‘‘त्येंचाबी हलायचा.’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘डोळे फुटले व्हते का माजे?’’

‘‘मग त्यांना कधी बोलली कशी नाहीस?’’

‘‘काय बोलायचं? दिसभर त्या मशिनीपाशी हुबं ऱ्हायलेला मानूस. येवढं एक गानं तर ऐकायचे. बसू देयाची.’’ मग काठी पलंगाला टेकवून ठेवली. ‘‘येयाचे की उठून.’’

मी विचारलं, काय हवं होतं. म्हणाली, काही नाही, हायेस का म्हून बघितलं.

म्हणजे अण्णा, तुमचं मी एवढी वर्षं राखलेलं गुपित गुपित नव्हतंच. तुम्ही चोरून बसत होतात आणि ती तुम्हाला बसू देत होती. मी मात्र तुम्हाला फार हुशार समजत होतो. हे तुम्हाला कळवायला पाहिजे असं वाटलं, म्हणून एवढं लिहिलं. कागद कुठं पाठवायचा नाहीये, लिहून झाला की घडी घालून ठेवीन.

एक मात्र राहिलं, ते तुम्हालाच सांगतो. तिनं एवढं सगळं बोलल्यावरही काल दुपारी हेडफोन घातला आणि मी दोन्ही पाय वर खुर्चीत घेऊन बसलो. मांडी घालून, म्हणजे फरशीशी संबंधच नको. एक अख्खं गाणं तसं ऐकलं. त्यातलं मला आता काहीही आठवत नाही. दुसऱ्या गाण्याला उजवा पाय खाली सोडला.