नाना फुसके यांच्या दहाव्याआधी

मु. कुंभिवली, ता. खालापूर, जि. रायगड
गुरुवार, ता. १२ फेब्रुवारी १९८७

ती. आबाजीमामा यांच्या दोन्ही पायांवर (उजवा गुडघा अजून धरत असेल तर त्या पायावर जरा बेतानं) भाचा कमळाकर याचं डोकं. आपण श्रीगोंद्याला मैनेकडे खुशाल असाल, तिकडची कोरडी हवा आपल्या खोकल्याला मानवली असेल, जावईबापूंचा बैल उठून उभा राहिला असेल आणि माझं नाव निघाल्यावर आपण पूर्वीइतकं लांब थुंकत नसाल, असं धरून चालतो. आपला चष्मा घाईत इथे पडवीतल्या कोनाड्यात राहिला, तेव्हा हे पत्र मैनाच वाचून दाखवणार हे उघड आहे. (मैने, मध्येच थांबून बापाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, सरळ वाच. आणि मी स्वतःला गाढव म्हटलं आहे तिथे आवाज चढवायची गरज नाही.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. मीही तसंच लिहिणार होतो, पण मामा, इकडे तुम्ही सोमवारी वारलात.

मुळापासून सांगतो, कारण दसऱ्याला तुम्ही निघून गेलात त्यानंतरचं तुम्हाला काही ठाऊक नाही आणि त्याआधीचं जावईबापूंच्या मंडळींना नीट ठाऊक नसेल. टीव्हीवरची ‘फुसके आहेत का घरी?’ ही तेरा भागांची मालिका मी लिहिली आणि त्यातले नाना फुसके तुम्ही केलेत. त्यात साहित्य म्हणावं असं काही नव्हतं. चुकीच्या गुंड्या लावलेला काळा कोट घालून एक म्हातारा दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी पाहुणा जातो, पोटभर जेवतो, तीन ढेकरा देतो, घरातल्या सोवळ्या आजीसमोर उजवी मांडी उचलतो आणि काखेत तळहात दाबून जो आवाज काढतो त्यावर भाग संपतो. एवढंच. शहाण्यासुरत्या लोकांनी तक्रारींची पत्रं लिहून लिहून ती बंद पाडली. (त्या पत्रांत प्रत्येक भागाची हकीकत शेवटच्या ढेकरेपर्यंत बिनचूक असे.) पण चौक गावच्या ढाब्यांवर ट्रकवाले बिल मागितलं की अजून उजवी मांडी उचलतात, कर्जतच्या शाळेत त्यापायी अर्धा वर्ग कोंबडा होऊन असतो, आणि कचेरीत माझे साहेबसुद्धा दार लावून एकदा काखेत हात घालताना मी पाहिले आहेत. आई सांगायची की तिच्या लग्नात वरपक्ष मानपानावरून रुसून उठला तेव्हा तुम्ही पंगतीत तो आवाज पहिल्यांदा काढलात आणि रुसलेला व्याही हसता हसता खाली बसला. म्हणजे मी लिहिलं ते काय, तुमचंच होतं. मी फक्त कागदावर उतरवून घेतलं आणि खाली माझं नाव टाकलं.

मग चौकचे गॅरेजवाले हिरूशेठ आले. यावर सिनेमा काढायचा म्हणाले, पण घरंदाज. तीन ढेकरांची एक केली. मांडी उचलायची नाही असं ठरलं. काखेतल्या आवाजाच्या जागी देवळातली घंटा वाजवायची असं ठरलं. नानांचं वय तीस वर्षांनी उतरवलं, त्यांना प्रेमात पाडलं, त्यांना एक आंधळी बहीण दिली आणि सिनेमाचं नाव ‘पाहुणा माझा भाग्याचा’ असं ठेवलं. दर वेळी शेठ माझ्याकडे बघत आणि दर वेळी मी ‘अगदी बरोबर, शेठ’ म्हणत असे. (मैने, गाढव ते इथे.) शेवटी ते म्हणाले, टीव्हीचा डबा लहान, त्यात मामांना दात नसले तरी खपतं, पडदा मोठा असतो, मुंबईहून दातवाला हिरो आणू. तेव्हाही मी तेच तीन शब्द म्हणालो. तुम्हाला सांगायचं काम शेठनी माझ्यावर टाकलं होतं. मी रोज उद्या सांगू म्हणत होतो, आणि मामीला तर ‘मामांनाच घेणार, त्यांच्याशिवाय आहे कोण’ असं दोनदा सांगून तिच्या हातची घावणंही खाऊन आलो होतो.

दसऱ्याच्या मुहूर्ताला तुम्ही तो कोट इस्त्री करून, घालून, नारळ घेऊन आलात. पुढचं तुम्ही जाणताच. पण मी काय पाहिलं ते तुम्हाला माहीत नाही म्हणून लिहितो. शेठनी हिरोशी तुमची ओळख करून दिली तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मी कॅमेऱ्याच्या पेटीचं कुलूप बघत होतो. मग तुम्ही कोट काढलात, त्या पोराच्या अंगात घातलात आणि म्हणालात, “पयली गुंडी दुसऱ्या घरात घाल रं. मंग पोट आपोआप हसतं.” नारळही तुम्हीच फोडलात. संध्याकाळी तुम्ही एसटीत बसल्याचं मला मामीनं सांगितलं, तेही ‘मैनेकडं गेल्यात, येतील’ एवढंच. त्याला चार महिने झाले. मला त्या दिवसापासून कुठलाही विनोद लिहिता आलेला नाही. मात्र कचेरीतले पंचनामे फार चांगले होतात.

शूटिंग चार महिने सुरू होत आणि बंद पडत चाललं होतं. हिरो आणि हिरॉईन लोधिवलीला मोतीबाईच्या फुललेल्या वालाच्या शेतात प्रेमाचं गाणं म्हणत असताना ती कोयता घेऊन आली आणि ते दोघं खरोखरीचं धावले, तेवढा एक तुकडा बरा वठला आहे. गेल्या सोमवारी सकाळी तिथेच वडाखाली हिरो खुर्चीत बसून भाकरी खात होता, तोच एक कावळा आला आणि थेट त्याच्या डोक्यावर बसला. नुसता बसला नाही, जरा सरकून नीट बसला. हिरो हसला. बाकी कुणी हसलं नाही. डोक्यावर कावळा बसला तर माणसावर काय येतं आणि त्यावर तोड काय, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच्या नातलगांना तो गेल्याची खोटी बातमी द्यायची, ते रडले की आलेलं टळतं, आणि दुसऱ्या दिवशी खरं सांगून तोंड गोड करायचं. शेठ तार करायला निघाले तेव्हा हिरो म्हणाला, घरी एकटी आई आहे, तिचं हृदय नाजूक आहे, तार केलीत तर मी आत्ता निघून जाईन. शेठ पेचात पडले. अर्धा सिनेमा झालेला, हिरोच्या डोक्यावर मरण बसलेलं आणि रडायला माणूस नाही. मग त्यांना सुचलं की आपल्या गावांतलीच माणसं रडवू. पण हिरोचं नाव इकडे कुणाला माहीत? त्याच्यासाठी कोण रडणार? तेव्हा नाना फुसके गेले असं सांगा, म्हणाले, सिनेमातला नाना तर हाच आहे.

मजकूर मी लिहिला. वडाच्या पारावर बसून, पाच मिनिटांत. “आपल्याला पोट धरून हसवणारे, आपल्या सर्वांचे लाडके नाना फुसके आज सकाळी आपल्याला सोडून गेले.” लिहिताना मला तुमची आठवण झाली नाही. मला फक्त ‘सर्वांचे लाडके’ आधी घ्यावं की मागून, एवढाच प्रश्न पडला होता. शूटिंगचं सामान वाहणाऱ्या सखाच्या टेंपोवर लाउडस्पीकरचा कर्णा होताच, तो मजकूर ओरडत टेंपो लोधिवलीहून चौकला आणि चौकहून आपल्या कुंभिवलीकडे निघाला.

मामा, लोक रडले हो. हिरोसाठी नाही, त्याला ओळखतं कोण! नाना फुसके म्हणजे तुम्ही, हे शेठ आणि मी सोडून सगळ्या मुलखाला माहीत होतं. चौकला गॅरेजांची दारं ओढली. हमरस्त्यावर ट्रक कडेला लागले. ढाब्यावरचा एक दाढीवाला ड्रायव्हर उभा राहिला, उजवी मांडी उचलली, काखेत हात घातला आणि त्याला तो आवाज काढता येईना, तसा तो तिथेच खाली बसून रडायला लागला. शेठ खूश झाले, म्हणाले, इतकं रडू पुरे. हिरोलाही भरून आलं. तो टेंपोवर चढून, हात जोडून, ‘मी जिवंत आहे’ असं सांगू लागला, तर लोक एकमेकांना विचारू लागले, “ह्यो कोन रं?” त्यानं खाली उतरून कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि दुपारच्या गाडीनं तो मुंबईला गेला. तेव्हा मला कळलं की टेंपो पुढे गेला आहे. आणि पुढे मामीचं घर आहे.

मी सायकल मारत आलो तोवर अंगण भरलं होतं. मामी पडवीत मोड आलेल्या वालाचं बिरडं सोलत बसली होती, ती तशीच बसलेली. लोकांनी मला सांगितलं की तिनं एकदाच विचारलं, “कुनी डोळ्यानं पायलं का त्यांना?” लोकांनी टेंपोकडे बोट दाखवलं, तशी तिनं ओल्या हातानं कुंकू पुसलं. बांगड्या गोदूबाईनं फोडल्या. (अशा कामात तिला कुणी मागे टाकू शकत नाही.) मी ओरडून सांगितलं की मामी, ते सिनेमातले नाना, मामा नव्हेत, मामा खुशाल आहेत. मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “तू तर म्हनला व्हतास, त्यांनाच घेनार हाय.” अंगणातल्या सगळ्यांनीही मग माझा शब्द मोजायचं सोडून दिलं.

सध्या परिस्थिती अशी आहे की अर्धा गाव तुम्हाला जिवंत समजतो आणि अर्धा मेलेले. भटजी दुसऱ्या अर्ध्यात आहेत. देह नाही तर दर्भाचा पुतळा करून देतो म्हणतात, आणि बुधवारी पाताळगंगेवर तुमचा दहावा ठरला आहे. आचाऱ्यानं मला पानं किती धरू म्हणून विचारलं. काय सांगावं ते न सुचून मी ‘सिनेमापेक्षा गर्दी होईल’ म्हणालो. तुम्ही यावं असं मी म्हणत नाही, म्हणायला मला तोंड नाही. फक्त तिकडच्या सरपंचांच्या सहीशिक्क्याचा हयातीचा दाखला आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून काढलेला एक फोटो तेवढा पाठवावा. माझं काही मागणं नाही. मैनेस व जावईबापूंस नमस्कार, पोरांना पापा, आणि तुम्हाला, जे अजून आहात त्या तुम्हाला, पुन्हा एकदा दंडवत.

तुमचा नालायक भाचा,
कमळाकर

ता. क. हिरूशेठ बाजूलाच उभे आहेत आणि लिही म्हणतात. त्यांनी रडणारे लोक पाहिले आहेत, तेव्हा आता सिनेमा तुम्हालाच घेऊन पहिल्यापासून करायचा, तीनही ढेकरा ठेवायच्या, मांडी उचलायची आणि घंटा काढून टाकायची असा त्यांचा विचार आहे. दातांचंही काही नाही म्हणतात. मी सांगण्याचं काम केलं. तुम्ही ते मनावर घेऊ नका. कोट माझ्याकडे आहे.

आणखी ता. क. शेठ गेले. मामा, दाखला नको, फोटो नको. मी वर खोटं लिहिलं, मला मागायचं आहे. बुधवारच्या आत येऊन दारात उभे राहा. मला जोड्यानं मारा, बोलू नका, माझ्या घरचं पाणी पिऊ नका. पण या. मामीचं कपाळ मला बघवत नाही.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र मामीला वाचून दाखवावं म्हणून आत्ता गेलो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुम्ही जिवंत आहात हे तिला सोमवारीच ठाऊक होतं. रविवारी चौकचा एक ड्रायव्हर श्रीगोंद्याच्या बाजारात तुमच्याशी बोलून आला होता, तो सोमवारी सकाळीच दारात सांगून गेला की मामा ठणठणीत आहेत, भजी खात होते. टेंपो आला तेव्हा बातमी खोटी आहे याबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती. मी म्हटलं, मग मामी, कुंकू का पुसलंस? बांगड्या का फोडू दिल्यास? ती म्हणाली, “चार महिनं झालं. इचारलं नाय, पुसलं नाय. भाच्यावर राग, त्यो माज्यावर का काडला? मी काय केलं व्हतं? गाव रडत व्हतं, मीबी बसून घेतलं रडून.” मग मी भीत भीत विचारलं, आणि मामा आले तर? तिनं हातातला वाल सोलून परातीत टाकला. “येऊ दे त्यांना. आदी भांडंन. मंग लावीन कुंकू.” भांडण मोठं असणार आहे, मामा. सकाळच्या एसटीनं या, म्हणजे दिवस पुरेल.