कुंदाच्या लग्नाला नऊ हरकती

येशू, मरिया, योसेफ

पांढरकवडा,
सोमवार, ता. ३ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप रेजिनावन्सं यांना भावजयीचा, म्हणजे मार्थाचा, वाकून सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? तेलाने उतार पडला, की अजून जपमाळ खुर्चीत बसूनच म्हणता? इथे आम्ही देवाच्या कृपेने धडधाकट आहोत. पंधरा दिवसांची धावपळ मात्र अशी, की मी दोनदा चहात मीठ घातले (पाहुण्यांनी मुकाट प्याला, तांड्याची माणसे फार सोशिक). वन्सं, किती सांगू आणि कुठून सांगू! कुंदाचे लग्न शनिवारी पंधरा तारखेला ठरले आहे आणि ते त्याच दिवशी झाले पाहिजे. एकोणीसला राखेचा बुधवार. तेव्हापासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, त्यांत आमचे फादर लोबो लग्न लावायला तयार नाहीत, आणि मुलाचे वडील बाबूसिंग नायक तोवर थांबायला तयार नाहीत. "तुमचा पाद्री लावत नसन तं आमी लावतो, आमच्या पद्धतीनं," असे ते मला तोंडावर म्हणाले. तसे झाले तर कुंदाला वेदीवरचा पवित्र प्रसाद, कम्युनियन, बंद, आणि मग मी रविवारी कोणत्या तोंडाने एकटी रांगेत उभी राहू?

मुलगा खेमसिंग तुम्हाला पत्रातून ठाऊक आहेच. बंजारा, दोन कोसांवरच्या तांड्याचा, कुंदाच्याच शाळेत मास्तर. तो हिंदूच राहणार, म्हणून बिशपसाहेबांची खास परवानगी आणावी लागली आणि लग्न वेदीपुढे नाही, फादरांच्या खोलीत लागेल. मुलांना बाप्तिस्मा देऊ असे त्याने सही करून लिहून दिले. फादरांनी त्याला विवाहसंस्कारावर सहा धडे दिले. सहाही धड्यांना मी बसले (मुलगी सोबत असताना आईने बसू नये काय?) आणि फादरांनी दिलेले पुस्तक घरी तीनदा वाचले. त्यात लिहिले आहे की लग्न तुटत नाही, फक्त मरणाने सुटते. मी फादरांना म्हटले, बाकी सगळे पुस्तक मला पटले, हे सुटण्याचे तेवढे पटले नाही. कुंदाचे बाबा जाऊन अकरा वर्षे झाली आणि मी अजून सुटले नाही. फादर चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, तो भाग परीक्षेला नाही.

आता खरी गंमत. आपल्यात तीन रविवार घोषणा होते, अमक्याचे लग्न अमकीशी, कोणाला अडचण ठाऊक असेल त्याने सांगावे. आपण काय करतो? खाली बघतो आणि घरी जाऊन बोलतो. बिशपसाहेबांनी या लग्नाचीही घोषणा करायला सांगितले, आणि खेमसिंगने पहिल्या रविवारी आदराने अख्खा गोतावळा चर्चमध्ये आणून बसवला. तांड्यात रीत अशी, की नायकाने (म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, इथे बाबूसिंगांनीच) "कोणाचं काही म्हणणं?" विचारले की प्रत्येकाने उठून काहीतरी खोट काढायचीच. गप्प बसला तो रुसला, असा हिशेब. मग नायक एकेक खोट मोडून काढतो, सगळे गूळ खातात आणि सोयरीक पक्की होते. फादरांना हे काय ठाऊक! त्यांनी विचारायचा अवकाश, मुलाचा काका रूपसिंग फेटा सावरत उठला. "मायी हरकत हाये. ह्या पोरानं माहा बैल सोडून देल्ला होता." मागून भुरीबाई (ही मुलाची आत्या, बांगड्या कोपरापर्यंत, आवाज घंटेच्या वर), "हा रातभर घोरते! पोरीले आधी सांगा नं!" आणि एकामागे एक सात हरकती, सातवी खुद्द बाबूसिंगांची, की माझ्या पोराला अजून बैलगाडी जुंपता येत नाही. खेमसिंग आनंदाने नुसता फुलला होता. फादर पांढरे पडले. नवऱ्या मुलावर त्याचेच वडील हरकत घेतात, असे त्यांनी रोममध्येसुद्धा ऐकले नसेल.

नियमाने प्रत्येक हरकतीची चौकशी करावी लागते. फादरांनी एकेकाला खोलीत बोलावून लिहून घेतले. बैल कधी सोडला? हा सात वर्सांचा होता तवा. सापडला का? संध्याकाळी घरी आला. मग हरकत काय? "हरकत कायची जी? पोरगं हिऱ्यावानी हाये. पण बोलाव तं लागते!" हे ऐकून मी दाराआड तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या रविवारी फादरांनी आधीच बजावले, की मुलाचे आधी लग्न झाले असेल, जवळचे नाते असेल, नवस असेल, असे काही असेल तरच बोला. सगळे चूप बसले आणि सगळे बिघडले. बाहेर येऊन मानीबाई, म्हणजे मुलाची आई, डोळ्यांना पदर लावून बसली. बाबूसिंग म्हणाले, "आमचं तोंड दाबलं. मुक्यानं कुठं सोयरीक होते?" आणि गाड्या जुंपू लागले. वन्सं, मी चप्पल न घालता धावले. बैलाची वेसण धरली. म्हटले, नायक, उतरा, चर्चच्या आवारात लिंबाखाली बसा, काय बोलायचे ते बोला. फादरांना स्टूल आणून दिले. त्यांनी आणि बाबूसिंगांनी मिळून सातही हरकती रीतसर मोडल्या (घोरण्याबद्दल फादर म्हणाले, सुखात आणि दुःखात, त्यातच हे आले). मग बाबूसिंग माझ्याकडे वळले. "याडी, तुमचं काय म्हणणं?" याडी म्हणजे आई. मी उठले. वाटले होते काहीतरी हसायचे सांगीन. तोंडून निघाले, "कुंदाचे बाबा हे पाहायला नाहीत, ही माझी हरकत." बाबूसिंगांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हे मोडता येत नाई. हे राहू द्या." आणि गुळाचा पहिला खडा माझ्या हातावर ठेवला.

काल तिसरा रविवार. सगळे सुरळीत, आणि मिस्सानंतर फादरांनी मला खोलीत बोलावले. नागपूरहून टपालाने नववी हरकत आली आहे, खाली सही नाही. लिहिले आहे की कुंदाने अकराव्या वर्षी मरणाऱ्या बापाच्या उशाशी मठात जाण्याचा नवस केला होता. नवस म्हणजे खरी अडचण, वन्सं, बैलासारखी नव्हे. लिहिणाऱ्याने मागे घेतली नाही, तर फादरांना बिशपसाहेबांकडे पाठवावी लागेल आणि तोवर उपासाचे दिवस सुरू. अहो, तिने मठात जाते म्हटले होते हे खरे. तिथल्या सिस्टरांच्या अंगणात झोपाळा होता. त्याच महिन्यात ती टांगेवालाही होणार होती, आणि तिचे बाबा दोन्ही ऐकून खोकल्यातून हसले होते. त्या रात्रीनंतर ते हसले नाहीत, म्हणून मला ते पक्के आठवते.

असो. गुडघ्याला जपा, थंड फरशीवर गुडघे टेकू नका. कुंदाचा तुम्हाला सलाम.

तुमची,
मार्था

ता. क. पाकीट उलटून पुन्हा वापरायची तुमची काटकसर मला फार आवडते. मीही तसेच करते. फादरांनी ते नववे पाकीट माझ्यासमोर उकलले, तेव्हा आतल्या बाजूला तुमचा पत्ता होता, माझ्या अक्षरात, गेल्या नाताळचा. मी फादरांना काही बोलले नाही.

ता. क. २. त्या उशाशी आपण दोघीच जाग्या होतो. तुमचा एकुलता भाऊ होता, हे मी विसरलेले नाही. पण त्याची आठवण म्हणून राखून ठेवायला ही पोर नाही, वन्सं. फादरांना एक ओळ लिहा, नाहीतर लिहूच नका, स्वतः या. गुरुवारी दुपारच्या मोटारीला मी उभी राहीन.

ता. क. ३. मुलीची आत्या येते आहे आणि तिची मोठी हरकत आहे, असे मी तांड्यात आधीच सांगून टाकले. सगळे फार खूश आहेत. बाबूसिंग म्हणाले, "आता कुठं सोयरे भेटले!"