दादांच्या बाभळीचा रंधा

आई,

तुझा डोळा लागलाय म्हणून उठवलं नाही. मनमाडला ड्युटीवर जाते, संध्याकाळी येईन. पोहे झाकून ठेवलेत.

दादा गेल्यापासून त्यांच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही, असं तू म्हणाली होतीस. मी लावला. त्यांनी माळ्यावर वाळत ठेवलेल्या बाभळीच्या ठोकळ्याचा रंधा केला आणि त्यांचंच जुनं पातं त्यात बसवलं. ठोकळा एकच होता. पात्यासाठी खाच कोरताना तो चिरेल या भीतीने आठ दिवस घास उतरत नव्हता. तुला सांगितलं तसं डाएट वगैरे काही नव्हतं.

काल तू भजनाला गेलीस तेव्हा न्हाणीघराच्या फुगलेल्या दारावर तो पहिल्यांदा चालवला. कांद्याच्या पापुद्र्यासारखे छिलके निघाले आणि मी स्टुलावरच बसून हसले. दार आता एका बोटाने लागतं. सवयीने खांदा लावू नकोस, पडशील.

रंधा टेबलावर आहे. त्याच्या मागच्या बाजूला दादांनी पेन्सिलने लिहिलंय, ‘पंचवीस सालच्या दिवाळीआधी कापू नये.’ दिवाळी होऊन गेल्यावरच कापला. ती बाजू मी तासली नाही. तूही ओल्या फडक्याने पुसू नकोस.

सायली